तात्यांच्या जीपचं हूड

"ह्याला हूड म्हंता व्हय सोनबाराव? ही तर चाळन हाय," असं म्हणून फकीरभाईंनी काउंटरवर पसरलेल्या कापडातून दोन बोटं आरपार काढून दाखवली.

सोनबानं डाळजहून इंदापूरपर्यंत एसटीत मांडीवर धरून आणलेलं ते गाठोडं होतं. जीपवरचं कॅनव्हास, ठिकठिकाणी विरलेलं, लोखंडी कमानींवर घासून घासून फाटलेलं. मागच्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असते, तिथं चहाच्या रंगाचा एक तडकलेला तुकडा उरला होता. त्यातून पलीकडं माणूस आहे का म्हैस, हेसुद्धा कळलं नसतं.

फकीरभाईंचं दुकान इंदापूरच्या जुन्या पेठेत. सबंध तालुक्यातल्या जीपना हूडं घातली ती ह्याच घरानं, आधी त्यांच्या वडिलांनी आणि मग त्यांनी. पण जीपच उरल्या नाहीत तर हूडं कुणाला शिवायची? जाड कापडाचं मशीन त्यांनी केव्हाच मोडीत घातलं होतं. आता दुकानात सीटकव्हरं होती, पायपुसणी होती आणि गाडीत पुढं ठेवायची, मान हलवणारी कुत्री होती. कुत्र्यांना मागणी बरी होती.

"म्हंजी हुनार न्हाय?" सोनबानं विचारलं.

"माज्याच्यानं न्हाय. तुमच्याच्यानं हुईल."

"माज्याच्यानं? मी ड्रायव्हर मानूस."

"तीस वरीस तीच गाडी हाकली न्हवं? मंग तिचं माप तुमच्याबिगर कुनाला ठावं? आमचं आब्बा मशीन यायच्या आदी हातानंच शिवायचं."

फकीरभाईंनी चहा सांगितला आणि शिकवणी सुरू केली. हे जुनं हूड फेकायचं नाही. त्याची शिवण उसवायची, तुकडे नव्या कापडावर पसरायचे आणि खडूनं आखून घ्यायचं. नवं कापड कापायच्या आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्याच पावसात आखडतं आणि बटणं लागत नाहीत. खिडकीचं प्लॅस्टिक घडी घालून न्यायचं नाही, गुंडाळून न्यायचं. उन्हात पसरून ते सरळ झालं की मगच सुई लावायची.

"आन प्लॅस्टिकला टाका दाट घालू नगा. कापडाला चालतं, त्याला न्हाय चालत. येवढं ध्यानात ठिवा."

सोनबानं मान हलवली, अगदी शेजारच्या फळीवरच्या कुत्र्यांसारखी, आणि नेमकं तेवढंच विसरला.

निघताना फकीरभाईंनी वडिलांचं दाभण कागदात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "जीपचं कागद नावावर करून घेतलं न्हवं?"

"तात्यांच्या अविदादांनी चार मानसांत सांगितलंय, घिऊन जावा म्हनून."

"त्ये तोंडी झालं. आरटीओत तोंडी चालत न्हाय."

"त्या घरात मी कागद मागू?" सोनबाच्या आवाजाला एकदम धार आली. "तात्यांच्या चुलीवरचं खाल्लंय मी, फकीरभाई."

फकीरभाईंनी हात जोडले. खाल्ल्या मिठापुढं कुणाचं काय चालतं?

हे मीठ कसलं ते सांगायला हवं. सोनबाचा बाप मेंढरं राखायचा. पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरायचा. पुढं कळप मोडला आणि डाळजच्या सावळारामतात्यांनी विशीतल्या सोनबाला आधी ट्रॅक्टरवर आणि मग जीपवर घेतलं. तात्या म्हणजे बडे बागायतदार, चार संस्थांवर पदं असलेले. ते जीपमध्ये मागं कधी बसले नाहीत. नेहमी पुढं, सोनबाच्या शेजारी. सभा, सोयरिकी, मयती, कोर्टकचेऱ्या, सगळीकडं दोघं बरोबर. लोक म्हणायचे, तात्यांची सावली एक वेळ मागं राहील, पण सोनबा राहायचा नाही. सोनबाला ही शाबासकी वाटायची. त्याच्या बायकोला काय वाटायचं, हे कुणी विचारलं नाही. त्यानंही नाही.

बायको बानूबाई, काटेवाडीची. तीस वर्षांत ती त्या जीपमध्ये एकदाही बसली नव्हती.

सतरा वर्षांपूर्वी तिच्या माहेराहून निरोप आला की वडिलांचं काही खरं नाही, असाल तसे या. तात्या त्या दिवशी रेल्वेनं पुण्याला गेलेले, त्यांचा फोन लागेना. जीप गोठ्याशेजारी उभी, टाकी भरलेली, किल्ली सोनबाच्या खिशात. बानूबाई म्हणाली, "तासाभरात पोचू. चला की." आणि हा हरिश्चंद्राचा अवतार म्हणाला, "मालकाची गाडी हाय. इचारल्याबिगर कशी काडू?" त्यानं तिला फाट्यावर नेऊन एसटीत बसवलं. भिगवणला गाडी बदलायची, बारामतीला गाडी बदलायची. ती काटेवाडीला पोचली तेव्हा माणसं बापाला पोचवून परत आली होती आणि अंगणात पायांवर पाणी घेत होती.

तात्यांना हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "आरं न्यायची की गाडी! खुळा का काय तू?" सोनबाला तेच जास्त लागलं. तात्या चिडले असते, बरं केलंस म्हणाले असते, तरी चाललं असतं.

बानूबाई भांडली नाही. रडली ती बापासाठी रडली. फक्त त्या दिवसापासून तिनं जीपला बोट लावलं नाही. आळीतल्या बायका जीपच्या तापलेल्या बॉनेटवर मिरच्या वाळत टाकायच्या. हिनं कधी टाकल्या नाहीत. सोनबानं विषय काढायचा प्रयत्न केला की ती भाकरी थापत राहायची, जरा जास्तच जोरात. मग सोनबाही गप्प बसायचा. गप्प बसणं त्याला जमायचंच.

तात्या गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला पंगतीत फिरताना त्यांचा मुलगा अविराज म्हणाला, "सोनबामामा, ती जीप तुम्ही घेऊन जा. गोठ्यात नुसती जागा अडवतीय." सोनबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरला बांधून जीप आपल्या अंगणात आणली. नवी बॅटरी बसवल्यावर इंजिन पहिल्या झटक्यात बोललं. बिघडलं होतं ते वरचं हूड. काही उन्हानं खाल्लं होतं, उरलेलं गोठ्यातल्या उंदरांनी.

सोनबाच्या मनात एकच गोष्ट होती. बानूबाईच्या भावानं, रामनं, काटेवाडीत नवं घर बांधलं होतं आणि त्याची वास्तुशांत महिन्यावर आली होती. थोरल्या बहिणीचा मान बानूबाईचा. त्या दिवशी जीप रामच्या दारात थांबली पाहिजे आणि पुढच्या सीटवरून बानूबाई उतरली पाहिजे, सगळ्या गावादेखत. तीसुद्धा धडक्या हूडच्या जीपमधून. फाटकं टप घेऊन गेलो तर सासुरवाडी म्हणेल, भंगारातली उचलून आणली. सतरा वर्षांची चूक एका फेरीत फिटेल अशी त्याची समजूत होती. समजूत खुळी असेल, पण माणसानं दुसरं काय करायचं?

तो कामाला लागला. अंगणात नवं कापड भिजवलं, वाळवलं, जुन्याचे तुकडे वर ठेवून आखलं. दोऱ्याला मेण चोळून दाभणानं एकेक शिवण घालायला बसला. बोटांची चाळण झाली. शेजारची छबूबाई येता-जाता विचारायची, "आबा, कुनाचं झबलं शिवताय?" तो हसायचा. बानूबाई त्याच्या बाजूनं पाण्याची घागर घेऊन जायची आणि कापडावर पाय पडू नये म्हणून वळसा घालायची. तेवढाच काय तो तिचा हातभार.

वरचं कापड झालं. मग आली खिडकी. सोनबानं प्लॅस्टिकला टाके असे दाट घातले की त्यांच्यातून मुंगीलाही वाट मिळू नये. मजबूत नको का व्हायला? चार दिवस बसून त्यानं ती चौकट पुरी केली, हूड कमानींवर चढवलं आणि मागून ताण दिला. टर्रकन आवाज झाला. भोकांच्या रांगेवरून प्लॅस्टिक सरळ फाटत गेलं, वहीतलं पान फाडावं तसं.

सोनबा जीपच्या मागं खाली मातीतच बसला. हातात तो तुकडा. साठी उलटलेला माणूस, डोळे भरून आले तर लपवायचे कुठं?

बानूबाई दारात तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "येवढी भोकं पाडल्यावर ऱ्हाईल का त्ये? कुनी शिकिवलं?"

"मजबूत व्हावं म्हनून..."

"मेंढक्याचं प्वार ना तुमी? घोंगड्याच्या पट्ट्या कशा जोडत्यात, आईनं दावलं न्हाय कदी?"

सूप बाजूला ठेवून ती उठली. जीपपाशी आली. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या गाडीवर हात टेकला आणि वाकून शिवण बघितली. घोंगडं अरुंद पट्ट्यांत विणतात आणि मग पट्ट्या एकमेकींना जोडतात. तो टाका लांब असतो, आवळून ओढलेला नसतो. घोंगडं ताणलं तरी शिवण त्याच्याबरोबर हलते, म्हणून ती पावसापाण्यात पिढी काढते. "ह्याला बी तसंच घालायचं," ती म्हणाली. "कडंला दोनी अंगानं कापडाची पट्टी धरा. सुई पट्टीतनं घाला. टाक्याला श्वास घ्यायला जागा ठिवा."

सोनबा पुन्हा इंदापूरला जाऊन नवं प्लॅस्टिक घेऊन आला. गुंडाळून. उन्हात पसरून ते सरळ केलं आणि दोघं शिवायला बसले. हूड कमानींवर चढवलेलं. तो जीपच्या आत, ती बाहेर. तिनं सुई आत घालायची, त्यानं ओढून परत बाहेर द्यायची. मधे ती स्वच्छ कोरी खिडकी. इतक्या जवळून बायकोचं तोंड त्यानं किती वर्षांत बघितलं नव्हतं. कपाळावरचं गोंदण पार फिकं झालं होतं. ते कधी फिकं झालं, हे त्याला आठवेना.

"त्या दिवशी चुकलं माजं," तो आतून म्हणाला.

ती सुई घालत राहिली. "व्हय. चुकलं."

"रामच्या वास्तुशांतीला ह्याच गाडीतनं न्हेतो तुला."

"बगू."

पण संध्याकाळी तिनं पेटीतून हिरवं लुगडं काढून झाडाखाली दोरीवर टाकलं, डांबरगोळ्यांचा वास जायला. सोनबानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, आनंदानं.

वास्तुशांतीच्या आधी दोन दिवस तो जीप फाट्यापर्यंत फिरवून आणत होता. समोरून अविराजची मोठी पांढरी गाडी आली आणि थांबली. काच खाली झाली. "मामा, ओळखूच आली नाही की! झकास केलीय. कुणी शिवलं हूड?"

"मीच, दादा. म्हंजी, आमी दोगांनी."

अविराजनं खाली उतरून, फिरून फिरून मोबाईलवर फोटो काढले. सोनबाची छाती फुगली. तात्या असते तर त्यांनीही असंच कौतुक केलं असतं, असं त्याला वाटलं. फाटकं हूड होतं तोवरच ती जीप त्याची होती, हे कळायला अजून दोन दिवस होते.

वास्तुशांतीची सकाळ उजाडली. बानूबाई हिरवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत भावाचा आहेर. बसताना तिनं आधी सीट हातानं पुसली, मग पदर सारखा केला, मग दाराच्या कडीला धरून ताठ बसली. छबूबाई बघायला आली होती. म्हणाली, "बानूआक्का, पार आमदारीन दिसतीयास." बानूबाई चक्क हसली. सोनबानं इंजिन चालू केलं.

तेवढ्यात अंगणात पांढरी गाडी शिरली. तिच्यामागं एक पिकअप, त्यात दोन माणसं.

अविराज उतरला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यानं बानूबाईला वाकून नमस्कार केला. "मामी, कुठं निघाला?"

"काटेवाडीला. रामची वास्तुशांत हाय."

"अरे वा." मग तो सोनबाकडं वळला. "मामा, जरा अडचण झालीय. हायवेवर आपलं हॉटेल चालू होतंय ना परवा, तिथं दारात ही जीप ठेवायची म्हणतोय. चौथऱ्यावर. पुण्याच्या डिझाईनरला मी फोटो दाखवला, तो म्हणाला हीच पाहिजे. येणारी-जाणारी माणसं आत बसून फोटो काढतील. तात्यांची आठवण राहील. तुमच्याकडं तरी आता किती दिवस चालणार? आणि कागदपण अजून तात्यांच्याच नावावर आहेत. आज चौथऱ्यावर चढवायची आहे, क्रेन आलीय."

सोनबानं इंजिन बंद केलं. त्याला बोलायचं बरंच काही होतं. चार माणसांत दिलेल्या शब्दाचं बोलायचं होतं. आजचा दिवस सोडा, उद्या न्या, एवढं तरी म्हणायचं होतं. तेवढ्यावर अविराज कदाचित थांबलाही असता. पण त्या घराशी बोलायला त्याच्या तोंडात तीस वर्षांत एकच शब्द तयार झाला होता आणि तोच बाहेर पडला.

"बरं, दादा."

मग बायकोकडं न बघता तो म्हणाला, "उतर."

बानूबाई लगेच उतरली नाही. "आज?" तिनं विचारलं. एवढंच.

"मामींना माझ्या गाडीतनं सोडतो की," अविराज म्हणाला. "एसी लावून जा मस्त. ड्रायव्हर देतो."

"नगं, दादा. यष्टी हाय." ती उतरली, पिशवी घेतली, लुगड्याच्या निऱ्या झटकल्या. जाताना सोनबाशेजारी क्षणभर थांबली आणि हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलली. "आजपातूर मला वाटायचं, तुमी मालकाला भिता. भीत न्हाय तुमी. मालकापुडं तुमाला मी दिसतच न्हाय."

ती फाट्याच्या वाटेला लागली. छबूबाईनं तिच्याकडं बघितलं, सोनबाकडं बघितलं, आणि ती पण घरात निघून गेली.

पिकअपमधला एक जण ब्लेड घेऊन पुढं आला. "काका, टप काडावं लागंल. वरनं मोकळी पायजे, फोटोत मानसं दिसत न्हाईत. कापून टाकू, येळ लागायचा न्हाय."

"ब्लेड नगं," सोनबा म्हणाला. त्या सकाळी तो 'नगं' म्हणाला ते एवढंच, आणि तेही पिकअपवाल्याला. त्यानं एकेक बटण स्वतः सोडवलं, पट्टे काढले, कमानींवरून कापड उतरवलं. खिडकीला घडी पडू नये म्हणून हूड सावकाश गुंडाळलं. ते ठेवायचं कुठं, हे त्याला सुचेना. शेवटी ते त्यानं ओट्यावर भिंतीशी टेकवून ठेवलं.

पिकअपच्या माणसांनी जीप चालू करून बघितली. ती घरघरली आणि बंद पडली, दोनदा, तीनदा. अविराज हसला. "मामा, तुम्हीच आणून लावा बरं. तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकतीय?"

आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, हे ऐकून सोनबाला बरं वाटलं. अंगणातून बायको उठून गेलेली, डोक्यावरचं हूड उतरलेलं, आणि तरी त्या वाक्यानं त्याची पाठ आपोआप ताठ झाली. स्टिअरिंगवर बसल्यावर त्याला स्वतःची किळस आली, पण तोवर जीप चालू झाली होती. त्याच्या हाताला ती चालू व्हायचीच.

पुढं अविराजची गाडी, मागं सोनबा. फाट्यावर बानूबाई उभी होती, पिशवी पायाशी ठेवून. हॉटेल भिगवणच्याच रस्त्याला होतं, तिच्याच वाटेवर. अविराजची गाडी तर पार पुढं निघून गेली होती. थांबला असता, तिला बसवून तसाच थेट काटेवाडीला गेला असता, तर काय झालं असतं? क्रेनवाला ताटकळला असता. अविराज संध्याकाळी दोन शब्द बोलला असता, कदाचित हसलाही असता. त्याच्या बापानं कपाळावर हात मारला होता, तसाच यानंही मारला असता. हे सगळं सोनबाला त्या वेळी लख्ख कळत होतं. त्याचा पाय ब्रेकवर गेलासुद्धा. पण दाबला गेला नाही.

बानूबाईनं जीपकडं पाहिलं नाही. ती इंदापूरच्या बाजूनं येणाऱ्या एसटीकडं बघत होती.

जीप पुढं गेली. मागं आता कापड नव्हतं, खिडकी नव्हती, काहीच नव्हतं. आरशात सगळा फाटा मोकळा दिसत होता. हिरव्या लुगड्यातली बाई दिसत होती, तिनं एसटीला हात केलेला दिसला, पिशवी उचललेली दिसली. रस्ता सरळ होता. ती बराच वेळ दिसत राहिली.